सॅक्सोफोन-पियानोच्या जोडीसाठी नवी डच रचना: करारापासून शुद्धिपत्रापर्यंतची तयारी

मैफलीची तारीख ठरली की तिथून उलट मोजत यायचे. नेदरलँड्समध्ये नवी रचना लिहून घ्यायची, तिच्यासाठी पैसे उभे करायचे आणि ती बसवून रंगमंचावर न्यायची, तर दीड वर्ष हाताशी असावे. वर्षभरातही जमते, पण मग काटछाट होते ती तालमींची. आधी संगीतकाराचा होकार घ्यायचा, मग सभागृहांचा, आणि दोन्ही पत्रे हाती आल्यावर हेगच्या फोन्ड्स पोडियमकुन्स्टनकडे (प्रयोगकलांना पैसे देणारा डच निधी) किंवा एखाद्या खासगी निधीकडे अर्ज करायचा. लेखन सुरू होण्याआधीच अर्ज गेलेला असावा. एकाच प्रयोगासाठी अर्ज करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागवलेल्या रचना एकदा वाजतात आणि कपाटात जातात, हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. ते टाळायचे तर प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या प्रयोगाचा, जमल्यास दुसऱ्या जोडीचाही, विचार करूनच कामाला लागावे.

करार दोन पानांचा पुरतो, पण त्यात काही गोष्टी आकड्यांत हव्यात: रचना किती मिनिटांची, कोणते सॅक्सोफोन, इलेक्ट्रॉनिक ध्वनी असतील का, मानधनाचे हप्ते किती, पहिल्या प्रयोगाचा हक्क किती महिने तुमच्याकडे, ध्वनिमुद्रणाला परवानगी आहे का, संगीतकार किती तालमींना येणार आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोणाचा. स्कोअर, म्हणजे दोन्ही वाद्यांची पूर्ण स्वरलिपी, मैफलीच्या निदान तीन महिने आधी मिळायला हवा. पूर्ण रचना एकदम मिळण्याची वाट पाहू नये. भाग तयार होईल तसा पाठवावा असे करारातच लिहावे. शेवटचा भाग सर्वांत उशिरा येतो आणि बहुधा तोच सर्वांत कठीण असतो.

लेखन सुरू होण्यापूर्वी संगीतकाराच्या हाती तुमच्या वाद्याची माहिती द्यायची, ती लेखी आणि ध्वनिमुद्रित अशी दोन्ही. पुस्तकातले तक्ते त्यांच्याकडे असतातच. त्यांना हवे असते ते तुमच्या वाद्यावर, तुमच्या माउथपीसवर, तुमच्या रीडवर (माउथपीसला लावलेल्या, कंप पावणाऱ्या पातीवर) काय वाजते ते. मल्टिफोनिक्सच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. एका नळीतून दोन-तीन स्वर एकदम काढताना बोटांची जुळणी हवेच्या स्तंभात गळती निर्माण करून त्याला दुभंगवते, आणि त्यातून नेमके कोणते स्वर निघतील हे माउथपीसच्या आतल्या पोकळीवर, रीडच्या जाडीवर आणि वाद्याच्या घडणीवर ठरते. आल्टो सॅक्सोफोनवरची जुळणी त्याहून मोठ्या टेनरवर तेच अंतर देत नाही. म्हणून तुमच्याकडे हमखास वाजणारे वीसेक मल्टिफोनिक्स निवडा, प्रत्येकाची बोटे काढून दाखवा आणि तो किती हळू व किती मोठ्याने टिकतो, फुटायला किती वेळ घेतो, आधीच्या स्वराला जोडून येतो की जिभेनेच सुरू करावा लागतो, हे शेजारी लिहा. हा कागद नसेल तर स्कोअरमध्ये असे मल्टिफोनिक येते जे कागदावर सुंदर दिसते आणि पियानोच्या हळुवार सुरावटीवर भसकन आदळते.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी. अल्टिसिमोमध्ये, म्हणजे वाद्याच्या नेहमीच्या आवाक्यापलीकडच्या वरच्या स्वरांत, तुम्ही हळू आवाजात कुठवर जाता आणि मोठ्या आवाजात कुठवर, हे वेगवेगळे लिहा. खालचे शेवटचे स्वर, म्हणजे लिहिलेले सी शार्प, सी, बी आणि बी फ्लॅट, अगदी हळू सुरू करणे अवघड असते, कारण जवळजवळ सगळी नळी बंद असते आणि स्वर फुटायला दाब लागतो. त्यांच्या आधी श्वासाला जागा द्या असे सांगा. स्लॅप टंग (जीभ रीडवरून झटक्याने सोडून काढलेला ठोका) खालच्या आणि मधल्या पट्टीत ठसठशीत वाजते, वर विरळ होत जाते, आणि साध्या जिभेइतकी जलद चालत नाही. पाव स्वर, म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांच्या मधोमध पडणारे स्वर, मधल्या पट्टीत बहुतेक सगळे बोटांनी मिळतात, पण खालच्या सी शार्पपासून बी फ्लॅटपर्यंतच्या स्वरांमध्ये त्यांना बोटेच नाहीत. तिथे फक्त ओठ सैल करून स्वर खाली ओढता येतो. पियानोवादकाने आपल्या हाताचा आवाका लिहावा (नववा स्वर सहज येतो की दहावा), आणि पियानोच्या आत हात घालायला तयारी आहे का, तेही.

रचनेत एकाहून अधिक सॅक्सोफोन असतील तर अदलाबदलीला वेळ मागा. एक स्टँडवर ठेवायचा, दुसरा उचलून गळपट्टीच्या हुकात अडकवायचा, माउथपीस तोंडाला नीट बसवायचा, याला शांतपणे दहा सेकंद लागतात. त्याहून मोठा प्रश्न तापमानाचा आहे. पाच मिनिटे स्टँडवर राहिलेला सॅक्सोफोन थंड पडतो आणि पहिला स्वर उतरलेला येतो. अदलाबदलीनंतर लगेच पियानोबरोबर एकाच स्वरावर लांब टेकायचे असेल, तर तिथे पियानोला दोन-तीन माप (बार) जास्त द्यावेत. तेवढ्यात आवाज न करता वाद्यातून ऊन श्वास सोडता येतो.

स्कोअर हाती आला की वाजवण्याआधी एक पूर्ण दिवस तो तपासण्यात घालवा. आल्टोच्या पार्टमध्ये, म्हणजे फक्त त्या वाद्याच्या स्वरलिपीत, लिहिलेला सी प्रत्यक्षात ई फ्लॅट वाजतो, म्हणजे हार्मोनियमवरची काळी दोन. सोप्रानो आणि टेनरवर तोच सी बी फ्लॅट वाजतो, काळी पाच, आणि टेनरवर आणखी एक सप्तक खाली. पियानोवादक पूर्ण स्कोअरवरून वाजवतो, तेव्हा त्यात सॅक्सोफोनची ओळ प्रत्यक्ष वाजणाऱ्या पट्टीत हवी आणि तसे पहिल्या पानावर लिहिलेले हवे. सॅक्सोफोनचा पार्ट मात्र वाद्याच्या पट्टीत. सॉफ्टवेअरने पट्टी बदलली की दोन प्रकारच्या चुका येतात: ई शार्प आणि सी फ्लॅटची विनाकारण गर्दी होते आणि पाव स्वरांचे बाण चुकीच्या स्वरावर जाऊन बसतात. टेनरच्या ओळीत सप्तकाचा घोटाळा तर नेहमीचाच. दोन्ही कागदांवर मापांचे क्रमांक एकच आहेत का पाहा, सॅक्सोफोनच्या लांब विश्रांतीत पियानोची ओळ बारीक अक्षरांत मागवा, आणि पियानोचे पान उलटण्याची जागा जिथे एक हात मोकळा असेल तिथेच आणून घ्या. हे सगळे प्रश्न एकाच यादीत, माप क्रमांकासह, एकदाच पाठवा. रोज एक प्रश्न पाठवला की उत्तरेही विस्कळीत मिळतात आणि कोणती प्रत ताजी, हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर तारीख हवी.

लयबदल कागदावर गणिताने सोडवून ठेवा. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत एका मात्रेत तीन स्वर चालले असतील आणि त्यातला एक स्वर पुढच्या भागात अर्धी मात्रा ठरणार असेल, तर नवी लय १०८ ची. ६० च्या लयीत मात्रेचे पाच भाग आणि त्यातला एक भाग पुढे पाव मात्रा ठरला, तर ७५. स्कोअरमध्ये लिहिलेला आकडा या हिशेबाशी जुळत नसेल तर संगीतकाराला विचारा: आकडा खरा की नाते खरे? दोघांपैकी एक सोडायचे असते आणि ते कोणते, हे तालमीत भांडून ठरवू नये.

आता मुख्य काम, जोडीने बसण्याचे. गेल्या पन्नास वर्षांतल्या डच संगीतावर, विशेषतः हेगच्या वळणावर, संगीतकार लुई आंद्रिसेन (१९३९–२०२१) यांची छाप खोल आहे, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांतही एक गोष्ट सतत भेटते: दोन वाद्यांनी मिळून एकच ओळ वाजवणे. कधी ती जशीच्या तशी एकत्र, कधी स्वराआड स्वर वाटून, कधी एकमेकांच्या इतक्या जवळून पाठलाग करत की कानाला एकच सुरावट धापा टाकत गेल्यासारखी वाटावी. आंद्रिसेन यांच्या १९९१ च्या 'हाउट'मध्ये टेनर सॅक्सोफोन, मरिम्बा, गिटार आणि पियानो असेच जेमतेम पाव मात्रेच्या अंतराने एकमेकांमागे धावतात. असे लेखन समोर आले की भावनेचे, रंगाचे बोलणे थोडे पुढे ढकला. १२० च्या लयीत पाव मात्रा म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. त्यात चूक लपत नाही. पहिल्या दोन तालमी वाद्यांशिवाय घ्याव्यात, समोरासमोर बसून, टाळीवर मात्रा देत आपापले स्वर तोंडाने म्हणत. मग ६० च्या लयीत वाद्यांवर, मेट्रोनोम मात्रेवर न ठेवता दोन मात्रांच्या मधे ठेवून. तिथे टिकलात की लय वाढवा.

इथे बिघडते ते एकाच कारणाने. पियानोचा स्वर हातोडी पडताक्षणी पूर्ण तयार असतो. सॅक्सोफोनचा, विशेषतः खालच्या पट्टीतला, फुटायला किंचित वेळ घेतो. वादकाला वाटते आपण बरोबर आहोत, प्रेक्षागृहात तो मागे ऐकू येतो. उपाय सॅक्सोफोनवादकाकडे आहे: स्वर मात्रेवर सुरू करायचा नाही, मात्रेवर पोहोचवायचा. त्यासाठी हवेचा दाब आधीच तयार आणि जीभ रीडवर टेकलेली हवी. पियानोवादकाने मागे पडून त्याला सांभाळून घेऊ नये. एकदा ती सवय लागली की दोघेही हळूहळू मंदावतात आणि कोणामुळे, हे कळत नाही. रोज तालमीचे ध्वनिमुद्रण करायचे, आणि रेकॉर्डर पियानोजवळ न ठेवता खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा.

याकोब टेर फेल्टहाउस यांच्यासारख्या काही डच संगीतकारांनी सॅक्सोफोनला ध्वनिमुद्रित बोलण्याची जोड दिली. १९९९ च्या 'ग्रॅब इट!'मध्ये टेनर सॅक्सोफोनला बूमबॉक्सची साथ आहे. नव्या रचनेत असा ट्रॅक असेल तर फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या यंत्रांवर हव्यात, दोन्हींचा सॅम्पल रेट एकच, आणि क्लिक (वादकांसाठीची लयीची टिकटिक) प्रेक्षकांच्या स्पीकरकडे जाणार नाही अशा तिसऱ्या स्वतंत्र वाहिनीवर. क्लिक दोघांच्याही एकाच कानात. दुसरा कान जोडीदारासाठी मोकळा. ध्वनितंत्रज्ञाला वाहिन्यांचा आराखडा महिनाभर आधी पाठवा.

पाव स्वरांबद्दल मराठी कानांना एक खास सूचना. तानपुऱ्यावर घडलेला कान गंधार, निषाद आपसूक नैसर्गिक जागी नेतो. पियानो समान वाटणीच्या सप्तकात बांधलेला असतो; त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (पियानोच्या लगतच्या दोन स्वरांतले अंतर १०० सेंट). साध्या स्वरमेळात पियानोकडे झुकावे लागते. पण संगीतकाराने पाव स्वर मुद्दाम लिहिला असेल, तर पियानोच्या स्वराशी होणारी थरथर हीच त्याला हवी असते. ती ऐकून ओठ आपोआप स्वर "सुधारायला" जातात, आणि रचनेचा रंगच निघून जातो. ट्यूनरवर ५० सेंट पाहून तो स्वर एकट्याने पक्का करा, मग पियानोबरोबर वाजवा. या दोन कानांची भेट डच संगीताला नवी नाही: डच संगीतकार टोन डे लेउ १९६१ मध्ये भारतात संगीताच्या अभ्यासासाठी आले होते, आणि रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या कलाशिक्षण संस्थेत भारतीय संगीताचा विभाग आहे, जिथे हरिप्रसाद चौरसिया यांनी शिकवले. तिथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने सॅक्सोफोनच्या नव्या रचनांच्या तालमीला जाऊन बसावे, असे मनापासून सुचवतो.

पियानोच्या आत काम असेल तर सभागृहाला दोन महिने आधी लेखी विचारा. नुसते "आतून वाजवणार" असे कळवू नका. कोणत्या तारा, बोटाने की वस्तूने, ती वस्तू कशाची, तारांमध्ये काही अडकवणार का, हे कळवा. काही सभागृहे मुख्य पियानोवर नकार देतात आणि दुसरा पियानो देतात. तो कोणता, किती लांबीचा, हे विचारून घ्या. स्टाइनवे कंपनीचा डी हा पियानो २७४ सेंटिमीटरचा, बी २११ चा. लांबी बदलली की तारेवरचे नाद-बिंदू (जिथे हलके दाबले की वरचे नाद निघतात) सरकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लोखंडी चौकटीच्या पट्ट्या वेगळ्या स्वरांवर येतात. एका पियानोवर सहज दाबता येणारी तार दुसऱ्यावर पट्टीखाली लपते. म्हणून लेखनाच्या वेळीच संगीतकाराला सांगा: आतल्या स्वरांना एक पर्यायी संच द्या. खालच्या तारांवर तांब्याचे वेटोळे असते. घामाने ते काळवंडते आणि नाद मरतो. हात धुऊन, कोरडे करून, पातळ सुती हातमोजे घालूनच तारा हाताळा. खुणा तारांवर न करता दाबकांच्या माथ्यावर सहज निघणारे छोटे कागदी ठिपके लावून करा, आणि मैफलीनंतर ते स्वतः काढा. नोटेशनचा स्टँड काढून कागद चौकटीवर आडवे ठेवले तर जोराच्या स्वरांना ते झणझणतात. खाली पातळ फेल्ट घाला. सॅक्सोफोनने तारांमध्ये वाजवून गुंजन उठवायचे असेल तर उजवे पेडल पूर्ण दाबलेले, वाद्याचे तोंड तारांपासून एका हाताच्या अंतरावर, आणि झाकण पूर्ण उघडे.

झाकण तसेही पूर्णच उघडे ठेवावे. अर्धे मिटले की पियानो कमी होत नाही, मळका होतो, आणि सॅक्सोफोनला पुढे येऊ देण्याचा हेतू साधत नाही. तोल हाताने आणि पेडलने राखायचा. सॅक्सोफोनवादक पियानोच्या वळणात, पियानोवादकाला त्याचे खांदे दिसतील असा. सुरुवातीची खूण खांद्याच्या श्वासाने देता येते, मान हलवावी लागत नाही.

सूर जुळवण्याचे प्रश्न हिवाळ्यात जास्त. पियानो ४४० हर्ट्झवर आहे की ४४२ वर, हे लेखी विचारा. दोहोंत सुमारे ८ सेंटचा फरक पडतो. हवा तापली की सॅक्सोफोन चढतो, प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट, आणि दिव्यांच्या उष्णतेने पियानोच्या तारा उलट किंचित उतरतात. म्हणजे संध्याकाळभर दोघे एकमेकांपासून लांब जातात. माउथपीस बाहेर ओढणे हा उपाय, पण मर्यादेत: फार ओढला की आखूड नळीचे स्वर लांब नळीच्या स्वरांपेक्षा जास्त उतरतात आणि वाद्य आतूनच बेसूर होते. बाहेरच्या थंडीतून आलेले वाद्य पेटी उघडून अर्धा तास तसेच राहू द्या. पियानो जुळवणारा तालमीनंतर, प्रेक्षक आत येण्याआधी पुन्हा एकदा यावा असे ठरवा, आणि आतून वाजवायची रचना असेल तर मध्यंतरातही. डच संध्याकाळच्या मैफली बऱ्याचदा २०:१५ ला सुरू होतात, दुपारच्या १२:३० ला. दुपारच्या असतील तर जुळवणी सकाळी नऊच्या आत उरकायला हवी. जुन्या चर्चमध्ये प्रयोग असेल तर लांब घुमारा गृहीत धरा: लय थोडी उतरवायची परवानगी संगीतकाराकडून आधी घ्या, उजवे पेडल कमी करा, तुटक स्वर आणखी तुटक.

रीड एका मैफलीसाठी सहा चालू अवस्थेत असाव्यात, पहिल्या दोन अमुक रचनेच्या असे क्रमांक घालून. हळू मल्टिफोनिक्सला जी रीड चांगली, ती अल्टिसिमोला बहुधा मऊ पडते; दोन रचनांना दोन रीड वापरण्यात कमीपणा नाही. गरम केलेल्या डच खोल्या हिवाळ्यात फार कोरड्या असतात आणि रीडचे टोक लाटांसारखे वाकते, म्हणून ओलावा राखणारी बंद डबी घ्या आणि एक कृत्रिम रीड जवळ ठेवा. पिशवीत: जादा गळपट्टी, जादा लिगेचर (रीड आवळणारा पट्टा), बारीक पेचकस, स्प्रिंगचा आकडा, रबर बँड, कॉर्कचे तुकडे, कॉर्कला लावायचे ग्रीस, पुसायचे फडके आणि सिगारेटचे पातळ कागद. कागद जी शार्पच्या आणि खालच्या सी शार्पच्या पॅडसाठी. हे दोन्ही पॅड विश्रांतीत मिटलेले असतात, ओलाव्याने चिकटतात आणि नेमके हळुवार जागी उघडत नाहीत. खालचे स्वर अचानक वरच्या सप्तकात उडू लागले तर आधी नेकवरची (माउथपीस बसतो त्या वळलेल्या नळीवरची) ऑक्टेव्ह की पाहा; नेक बसवताना ती दाबली जाऊन वाकलेली असते.

टॅबलेटवरून वाजवत असाल तर चार्ज पूर्ण, विमान मोड चालू आणि फक्त ब्लूटूथ उघडे, पायाच्या पेडलमध्ये नवे सेल, आणि कागदी प्रत स्टेजवरच, पियानोखाली.

संगीतकाराला दोनदा बोलवा: मसुदा झाल्यावर एकदा आणि मैफलीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा. फक्त शेवटच्या तालमीला बोलावले तर काही बदलण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. दुसऱ्या भेटीत आधी पूर्ण रचना न थांबता ऐकवा, मग बोला, आणि जे बदलले ते दोन्ही प्रतींत त्याच क्षणी पेन्सिलीने लिहा. कार्यक्रमाच्या क्रमात नवी रचना पहिली ठेवू नका. रीड अजून जागी झालेली नसते आणि उशिरा येणारे दारातून येत असतात. दुसरी जागा चांगली.

मैफल झाली की त्याच आठवड्यात उरलेली कामे. वाजवलेल्या रचनांची यादी, संगीतकाराच्या आणि रचनेच्या नेमक्या नावासह आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेसह, ब्युमाकडे (संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या डच संस्थेकडे) पोहोचते आहे ना, हे सभागृहाकडून पक्के करा. संगीतकाराला प्रयोगाचे पैसे त्यावरूनच मिळतात. निधीला अहवाल. आणि सर्वांत महत्त्वाचे शुद्धिपत्र: माप क्रमांक, काय होते, काय केले, संगीतकाराची मान्यता. त्यासोबत मल्टिफोनिक्सची बोटे, तुमचा माउथपीस आणि रीड कोणती, पियानोच्या आतल्या खुणांची छायाचित्रे पियानोच्या मॉडेलच्या नावासह, आणि अदलाबदलीला प्रत्यक्ष लागलेले सेकंद. हे सगळे संगीतकाराकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे एकदम द्या. अनेक डच रचना डोनेमस छापते. १९४७ पासून तेच काम करणाऱ्या या संस्थेच्या यादीतून उद्या दुसऱ्या गावची जोडी हा स्कोअर मागवील, तेव्हा तिच्या हाती दुरुस्त प्रत जायला हवी.